सगळीच पोटदुखी ‘गॅस’ नसते

दवाखान्यात दिवसभरात माझ्या कानावर सर्वांत जास्त वेळा पडणारा शब्द कोणता, असे विचाराल तर तो ‘गॅस’ हा आहे. पूर्वीची माणसे पोटाच्या तक्रारींना निरनिराळी नावे देत. वायगोळा उठला, मुरडा पडला, तडस लागली, करपट ढेकर येतात, पोट डब्ब झाले, कळ येऊन जाते. यातील एकेका शब्दात निम्मे निदान असायचे. मुरडा म्हटले की आतड्याकडे लक्ष जाई, करपट ढेकर म्हटले की जठराकडे. आता आमच्या तळेगावच्या गाव भागातील आजीबाई असोत की चाकण रस्त्याने कंपनीच्या बसमधून येणारा पंचविशीतला मुलगा असो, ‘डॉक्टर, गॅस झालाय’ एवढे सांगून मोकळे होतात. पाठीत गॅस, छातीत गॅस, अगदी डोक्यातसुद्धा गॅस! पोटातला वायू आतड्याची भिंत फोडून डोक्यात चढत नाही हे मी किती वर्षे सांगतो आहे, पण माझे कोणी फारसे मनावर घेत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. मी एमबीबीएस झालेला डॉक्टर असलो तरी ओवा-हिंगाच्या डब्याशी माझे वैर नाही. माझ्याही घरी तो डबा आहे आणि वापरला जातो. माझे भांडण आहे ते दुखण्याला न तपासता दिलेल्या नावाशी. ओव्याने सहसा कोणाचे काही बिघडत नाही. ‘गॅसच आहे’ असे ठरवून घरी बसून राहिल्याने मात्र बिघडते, आणि कधी कधी फार बिघडते.

मुळात पोटात वायू येतो कोठून? एक म्हणजे आपण तो गिळतो. भराभर जेवणे, जेवताना बोलणे, तंबाखूचा बार भरून सारखे गिळणे, बाटलीतील फसफसणारी पेये पिणे, या सगळ्यांत हवा पोटात जाते. मुद्दाम ढेकर काढण्याची सवय असलेले लोक तर प्रत्येक ढेकराआधी नकळत हवा गिळतात आणि तीच बाहेर सोडतात. दुसरे कारण मोठ्या आतड्यातील जिवाणू. लहान आतड्यात न पचलेले अन्न त्यांच्यापर्यंत पोचले की ते आंबते आणि वायू तयार होतो. निरोगी माणूसही दिवसातून दहा-वीस वेळा वायू सोडतो. त्यात रोग काही नाही, लाज वाटून घेण्यासारखे तर मुळीच नाही. त्यातला बहुतेक वायू बिनवासाचा असतो. वास येतो तो गंधकाच्या अगदी थोड्या अंशामुळे.

कडधान्यांनी पोट का फुगते याचे कारणही सरळ आहे. हरभरा, वाटाणा, राजमा, वाल यांत ज्या काही शर्करा असतात त्या पचवणारे पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात नसतेच. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यायचे, मोड आणायचे, ही आपल्या आया-आज्यांची रीत शास्त्राला धरून आहे, कारण त्यात या शर्करा कमी होतात. भात याउलट. तांदळाचा पिष्टमय भाग लहान आतड्यातच जवळजवळ पुरता पचतो, म्हणून पोट बिघडलेल्याला मऊ भात-ताक देतात ते बरोबरच आहे. मावळात राहून इंद्रायणीचा मऊ भात मिळत असताना पोट फुगले म्हणून बिस्किटे खाणाऱ्यांचे मला नवल वाटते.

दुधाचेही तसेच. आपल्याकडील पुष्कळ मोठ्या माणसांना दुधातील साखर नीट पचत नाही. दिवसातून सहा कप दुधाचा चहा घेणारा माणूस गॅसची तक्रार घेऊन येतो आणि चहा सोडून बाकी सगळे पथ्य विचारतो! अशाने आठ दिवस दूध बंद ठेवून पाहावे, ताक-दही चालू ठेवावे. विरजणात ती साखर बरीचशी खर्च झालेली असते. आणि एकादशीबद्दल काय बोलावे? देहू-आळंदीच्या कुशीतला हा मुलूख. ‘एकादशी दुप्पट खाशी’ हे आपणच म्हणतो, आणि द्वादशीला माझ्याकडे गर्दी करतो. साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, रताळे हे सर्व तुपात परतून एका बैठकीत खाल्ल्यावर पोटाने तक्रार करू नये तर काय करावे?

आता डब्याकडे वळू. ओव्यात थायमॉल नावाचे तेलकट द्रव्य असते, त्यानेच ओव्याला तो झणझणीत वास येतो. आतड्याचा पीळ सैल करण्याचा गुण त्यात आहे. अर्धा चमचा ओवा चावून वर कोमट पाणी घेतले की साध्या पोटफुगीत बरे वाटते. त्यात मीठ घालायलाच हवे असे नाही आणि रक्तदाब असलेल्यांनी तर घालूच नये. सैंधव आणि काळे मीठ हेही शेवटी मीठच. बडीशेप, जिरे, बाळंतशोपा ही त्याच घराण्यातली मंडळी. पुदिन्याच्या तेलाचा उपयोग तर आधुनिक वैद्यकानेही तपासला आहे, आणि वारंवार पोटात मुरडा येऊन शौचाच्या तक्रारी असणाऱ्या रुग्णांना त्याच्या कॅप्सूल देतात. मात्र ज्यांना छातीत जळजळ होते त्यांनी पुदिना जपून घ्यावा. तो आतडे सैल करतो तसे जठराचे वरचे दारही सैल करतो आणि आम्ल वर येते. सुंठ किंवा आले जठर रिकामे व्हायला मदत करते.

हिंगाबद्दल थोडे विषयांतर करतो. जो हिंग आपण अस्सल भारतीय म्हणून फोडणीत टाकतो तो पिढ्यान्‌पिढ्या अफगाणिस्तान, इराणकडून येत आला. भारतात त्याची पद्धतशीर लागवड २०२० साली हिमाचलातील लाहौल खोऱ्यात सुरू झाली. शिवाय दुकानातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. गहू न चालणाऱ्या, म्हणजे सीलिॲक रोगाच्या रुग्णाने पोट फुगले म्हणून हा हिंग घेतला तर पोट आणखीच फुगेल. डबीवरचा मजकूर वाचावा.

या सर्वांपेक्षा स्वस्त औषध म्हणजे शतपावली. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे सावकाश चालल्याने वायू पुढे सरकतो. परंतु शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना हे सांगताना माझीच जीभ अडखळते. एक आठवडा सकाळची पाळी, एक आठवडा रात्रीची, जेवायला मोजका वेळ, त्यात कॅन्टीनची रांग. पहाटे घरी येऊन मिसळ खायची आणि पडद्या लावून झोपायचे. अशा माणसाचे पोट चूर्णाने सुधारणार नाही. त्याला मी एवढेच सांगतो, की पाळी कोणतीही असो, मोठे जेवण झोपेच्या अडीच-तीन तास आधी उरकावे आणि रात्रपाळीत वडापावऐवजी घरचा डबा न्यावा. ज्यांना जमते त्यांचा फरक महिन्याभरात दिसतो.

आता जे खपते त्याबद्दल. सोड्याची पुडी पाण्यात टाकली की फसफस होते. तो कार्बन डायऑक्साइड असतो. म्हणजे गॅस झाला म्हणून आपण बाहेरून आणखी गॅस पितो, तो ढेकराने बाहेर पडतो, आणि ‘मोकळे झाले’ असे वाटते. आम्लता थोडा वेळ कमी होते हे खरे, पण त्यातील सोडियम रक्तदाब आणि हृदयविकार असणाऱ्यांना बाधक आहे. दुसरी गोष्ट सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या गोळीची. पॅन्टोप्राझोल ही चांगली गोळी आहे, अल्सरच्या रुग्णांना तिने मोठा दिलासा दिला. पण ती आम्ल कमी करते, वायू कमी करत नाही. आमच्याकडे लोक ती वर्षानुवर्षे, कोणालाही न विचारता, चहाच्या आधी घेतात. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि शाकाहारी माणसांत ते आधीच कमी असते. कंबरदुखीसाठी दुकानातून घेतलेल्या डायक्लोफिनॅकने जठर सोलवटायचे आणि त्यावर ही गोळी घ्यायची, हे तर रोजचेच चित्र आहे.

आता मुख्य मुद्दा. काही महिन्यांपूर्वी चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ सकाळी माझ्याकडे आले. आले म्हणण्यापेक्षा पत्नीने ओढून आणले. रात्रपाळीत जठराच्या जागी दाबल्यासारखे दुखू लागले, घाम आला. सोबत्यांनी सोडा दिला, दोन ढेकर आले, बरे वाटले, पुन्हा कामाला लागले. ‘काही नाही हो, गॅसच आहे, हिलाच काळजी,’ हे त्यांचे पहिले वाक्य. त्यांना मधुमेह होता. कार्डिओग्राम काढला तर हृदयाच्या खालच्या भागाला झटका आलेला. तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवले, ते वाचले. हृदयाचा हा खालचा भाग पोटाच्या अगदी वर टेकलेला असतो, म्हणून त्याचे दुखणे पोटात जाणवते, मळमळते, ढेकरही येतात. ढेकर आला म्हणजे दुखणे गॅसचेच होते असे ठरत नाही, हे ध्यानात ठेवा. चाळिशीपुढचा माणूस, मधुमेह किंवा रक्तदाब असलेला, तंबाखू-सिगारेट ओढणारा, अशांना बेंबीच्या वर दुखून घाम फुटला, धाप लागली, जबडा किंवा हात भरून आला तर ओवा शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा, कार्डिओग्राम काढावा. तो ‘चांगला’ निघाला तर पैसे वाया गेले असे म्हणू नये.

अपेंडिक्सचे दुखणे पहिल्यांदा बेंबीभोवती येते, म्हणून तेही ‘गॅस’ ठरते. काही तासांनी ते उजवीकडे खाली सरकते, ताप येतो, उलटी होते, खोकले किंवा उडी मारली तरी कळ येते. अशा वेळी ‘पोट साफ होऊ दे’ म्हणून एरंडेल पाजणे किंवा बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेणे यांसारखा घातक प्रकार नाही. सुजलेले अपेंडिक्स त्याने फुटू शकते. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत आणि वायूसुद्धा सरत नाही, असे असेल तर आतड्याला अडथळा असू शकतो. तिथेही घरगुती काहीच नको.

तान्ह्या बाळांचे प्रकरण आणखी नाजूक. पहिल्या तीन महिन्यांत बाळ संध्याकाळी किंचाळून रडते, पाय पोटाशी घेते, आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास बहुधा आपोआप थांबते. आया मात्र तोवर सारे उपाय करून बसतात. बेंबीभोवती हिंगाचे पाणी लावले तर लावू द्या, फारसे बिघडत नाही. पण सहा महिन्यांपर्यंत तोंडाने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. ग्राइप वॉटर १८५१ साली नॉटिंगहॅममध्ये विल्यम वुडवर्ड याने बाजारात आणले. त्यात शोप्याचे तेल होते, खायचा सोडा होता, साखर होती, आणि चक्क मद्यार्क होता! बाळ शांत झोपत असे यात नवल ते काय? पुढे मद्यार्क काढला गेला, विश्वास तेवढा राहिला. घुटीत मध तर वर्षाच्या आत अजिबात देऊ नये, त्यातून बोट्युलिझम नावाचा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

आणि हे वाचून जे ‘आम्ही काही अडाणी नाही’ म्हणतील त्यांना मेळघाटाची आठवण करून देतो. तेथे बाळाचे पोट फुगले की तापलेल्या विळ्याने पोटावर चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातील सिमोरी गावात अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर असे पासष्ट चटके दिल्याचे उघड झाले. त्या आईबापांना बाळाचा राग नव्हता, कळवळाच होता. दवाखाना जवळ आणि बोलका असता तर विळा तापला नसता, असे मला वाटते. आमच्या तळेगावात दवाखान्यांना तोटा नाही. तरी पोट चोळून घेण्यासाठी बाळाला घेऊन दोन गावे पलीकडे जाणारे सुशिक्षित आजी-आजोबा मी पाहिले आहेत.

शेवटी भगिनींसाठी थोडे. घरातील सगळ्यांचे पोट सांभाळणारी बाई स्वतःचे पोट फुगले तर महिनोन्‌महिने ओवा खात राहते. वयाची पन्नाशी आली असेल, पोटफुगी नव्याने सुरू होऊन दोन-तीन आठवडे रोज टिकली असेल, चार घासांत पोट भरत असेल, लघवीला वारंवार जावे लागत असेल, तर तो बीजांडाच्या कर्करोगाचाही इशारा असू शकतो. बहुतेकींना तसे काही नसते. पण हा रोग लपून वाढतो आणि सुरुवातीला ठळक खूण क्वचितच देतो. शौचाला काळे होणे, विनाकारण वजन उतरणे, गिळताना अडकणे, दुखण्याने रात्री जाग येणे या तक्रारी तर बाई असो की पुरुष, आठवडाभरही अंगावर काढू नयेत. पोटाच्या सोनोग्राफीला सुई नाही, भूल नाही. येताना सकाळी काही खाऊ नये, पाणी भरपूर प्यावे आणि लघवी रोखून यावे. आणि आल्यावर ‘गॅस’ न म्हणता बोट ठेवून जागा दाखवावी, कधीपासून आणि कशाने वाढते ते सांगावे.