नातवंडांची सहल आणि आजोबांचे पाणी

दिवाळीची सुटी जवळ आली की घराघरांत एक बेत शिजू लागतो. ‘या वेळी मुलांना खोपोलीच्या इमॅजिकाला नेऊ या, आई-बाबा तुम्हीही चला!’ ज्या मुलामुलींना आपण कधी काळी बोटीत बसवून गोराईचे एस्सेलवर्ल्ड दाखवायला नेले होते, तीच आता आई-बाप होऊन आपल्याला बोलावीत असतात. असे बोलावणे नाकारू नये. मात्र ‘हो’ म्हणण्यापूर्वी, त्या दिवसाचे वेळापत्रक कोणाच्या सोयीने ठरत आहे, हे आपण अवश्य पाहावे.

बहुधा ते घरातल्या पस्तिशी-चाळिशीतल्या माणसांच्या सोयीने ठरते. दार उघडताच आत शिरायचे आणि रात्री दिवे लागेपर्यंत बाहेर पडायचे नाही, कारण तिकिटाचे पैसे वसूल व्हायला हवेत! हा हिशेब तीन वर्षांच्या मुलालाही मानवत नाही आणि सत्तरीच्या माणसालाही मानवत नाही. गंमत अशी की घरातील सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर या दोघांच्या गरजा पुष्कळशा सारख्या असतात. दोघांनाही वेळेवर खायला लागते, दुपारी पाठ टेकावी लागते, वरचेवर स्वच्छतागृह लागते आणि मोठ्या चक्रावणाऱ्या पाळण्यांत दोघांनाही प्रवेश नसतो. तेव्हा दिवस या दोघांच्या बेताने आखावा. मधल्या पिढीला त्यात हवे तेवढे पाळणे मिळतातच.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सहलीच्या दिवशी वयस्कर माणसे मुद्दाम पाणी कमी पितात. ‘तिथे कुठे शोधत बसायचे?’ असे म्हणून सकाळचा चहाही अर्धाच घेतात. स्त्रियांमध्ये ही सवय अधिक आढळते आणि ती फारशी कोणी बोलूनही दाखवत नाही. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. शरीराला पाणी हवे असते, पण जिभेला ते कळत नाही. मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची क्षमताही कमी होते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, ऊन असेल आणि तासभर रांगेत उभे राहणे असेल, तर दुपारी दोनच्या सुमारास बाकावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पडणे होते, आणि या वयात पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड मोडणे.

यावर उपाय पाणी तोडणे हा नव्हे. उद्यानात पाऊल ठेवताच पहिले काम म्हणजे नकाशा घेऊन स्वच्छतागृहे कोठे आहेत ते पाहणे. त्यानंतर दर दीड-दोन तासांनी, गरज वाटो न वाटो, नातवंडाला घेऊन तिकडे एक फेरी करावी. ‘चल, बाळाला नेऊन आणते’ असे म्हटले की संकोचही उरत नाही! पाणी घोट-घोट पण सतत प्यावे. ओआरएसची पुडी जवळ असावी. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच, पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात घालू नये. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण बांधून दिलेले आहे, त्यांनी आणि लघवीची गोळी घेणाऱ्यांनी त्या दिवसाबद्दल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. गोळी आपल्या मनाने वगळू नये, पुढेही ढकलू नये.

मधुमेह असणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. रोजच्यापेक्षा कितीतरी अधिक चालणे होते आणि जेवणाची रांग लांबते. त्यामुळे साखर एकाएकी खाली येऊ शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, चिडचिड, बोलण्यात गोंधळ अशी चिन्हे दिसली तर रांग सोडावी आणि लगेच ग्लुकोज किंवा साखर घ्यावी. इन्सुलिन उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नये, ते निकामी होते. बहुतेक उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊ देत नाहीत. म्हणून तान्ह्याचे खाणे आणि मधुमेहींचा डबा यांविषयी दूरध्वनी करून आधीच विचारावे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी औषधांसोबत ठेवावी. त्याच वेळी चाकांची खुर्ची मिळते का, हेही विचारून घ्यावे. खुर्चीत बसणे म्हणजे आजारी ठरणे नव्हे. संध्याकाळची मिरवणूक पाहण्याइतके पाय शिल्लक राहावेत म्हणून दुपारी ती घ्यायची.

पाळण्यांच्या दाराशी लावलेल्या पाट्या वाचाव्यात. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मान-पाठीचे दुखणे, ठिसूळ हाडे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल तर झटके देणारे आणि उलटे फिरवणारे पाळणे आपले नव्हेत, मग जावई कितीही आग्रह करोत. लहानांसाठी उंचीची अट असते. चार बोटे कमी पडली म्हणून दारावरच्या माणसाशी हुज्जत घालू नये. तो सुरक्षा-पट्टा तेवढ्या उंचीच्या देहासाठीच बनवलेला असतो. बंद अंधाऱ्या सफरींत मोठा आवाज असतो. दोन-तीन वर्षांची पुष्कळ मुले तिथे घाबरून रडतात, तेव्हा ‘भित्री आहेस’ असे न म्हणता बाहेर यावे.

पाण्याचे उद्यान हा सर्वांत काळजीचा विषय आहे. तेथे पोहण्याच्या कपड्यांचा नियम असल्याने आजी बहुधा साडी नेसून काठावरच्या खुर्चीत बसते. मग पिशव्या, भ्रमणध्वनी, चपला आणि शेवटी धाकटे नातवंडही ‘आईकडे आहे’ असे गृहीत धरले जाते. वाचकहो, वीस फुटांवर खुर्चीत बसलेली आजी म्हणजे पाण्यातल्या मुलावरची देखरेख नव्हे. बुडणारे लहान मूल चित्रपटातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही. ते गुपचूप आणि क्षणभरात बुडते, त्याला गुडघाभर पाणीही पुरते. शिट्टी घेऊन उभा असलेला जीवरक्षक पन्नास मुलांकडे पाहत असतो. म्हणून पाच वर्षांखालील प्रत्येक मुलासोबत पाण्यात उतरलेले, हात पोचेल एवढ्या अंतरावरचे आणि हातात फोन नसलेले एक मोठे माणूस हवे. ते कोण, हे नावानिशी ठरवावे आणि पाळी बदलताना ‘आता तुझ्याकडे’ असे स्पष्ट म्हणावे. सून-मुलाला हे आदल्या रात्रीच शांतपणे सांगून ठेवावे. तिथे काठावर सांगितले तर ते कुरकूर वाटते.

हीच गोष्ट जमिनीवरही लागू आहे. मोठ्यांना लांबच्या पाळण्यावर जायचे असते आणि दोन धाकटी आजोबांपाशी सोडली जातात. त्यांतले एक फुग्यामागे धावले तर गुडघेदुखीच्या माणसाने काय करावे? एका वेळी एकच मूल आणि तेही सावलीत, बसल्या जागी, अर्ध्या तासापुरते, एवढेच कबूल करावे. सकाळी निघताना मुलांचे त्या दिवसाच्या कपड्यांतले छायाचित्र काढून ठेवावे. मनगटावर कागदी पट्टा बांधून त्यावर दोन मोठ्यांचे क्रमांक लिहावेत. ‘चुकलास तर तिथेच थांब, आम्ही तुझ्याकडे येऊ’ हे वाक्य चार वर्षांच्या मुलाला पाठ होते. मूल दिसेनासे झाले तर स्वतः धावाधाव करत वेळ घालवू नये, जवळच्या गणवेशातील कर्मचाऱ्याला लगेच सांगावे.

बारा ते साडेतीन हा वेळ छपराखाली काढावा. इमॅजिकात भारतदर्शन घडवणारी ‘आय फॉर इंडिया’सारखी बैठी सफर आहे, अशा गोष्टी दुपारसाठी राखाव्यात. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग तापले किंवा चालताना झोक गेला, तर थंड जागी न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि प्रथमोपचार केंद्राला बोलवावे; महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

प्रवासाविषयी थोडेसे. पुण्याहून येताना घाट उतरावा लागतो, तेव्हा मुलांना निघण्यापूर्वी भरपेट दूध देऊ नये. आणखी एक मोह म्हणजे ‘एवढे आलोच आहोत तर’ महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर! इमॅजिका पालीच्या रस्त्यावरच असल्याने हे सुचणे स्वाभाविक आहे. तरी एका दिवसात दोन देवळे आणि एक उद्यान हा बेत करू नये. देवदर्शन दुसऱ्या सुटीला ठेवावे, नाहीतर आसपास मुक्काम करावा.

परतीच्या वेळी गाडी चालवणाराही दिवसभर पायांवर होता, हे लक्षात घेऊन अंधार पडण्यापूर्वी निघता आले तर उत्तम. रात्रीच्या गोळ्या हाताशी असलेल्या पिशवीत ठेवाव्यात, डिकीत नव्हे. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची वेळ, बँकेचे काम किंवा पाहुणे ठेवू नयेत. पोटऱ्या आणि गुडघे एक-दोन दिवस दुखतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, दम लागला किंवा लघवी गडद आणि कमी होत राहिली, तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.