पाहण्यापुरती खुली माहिती

घर घेऊ पाहणाऱ्या माणसाला आज माहितीचा तुटवडा नाही. मोबाइलवर बोट फिरवले की नोएडापासून कोइम्बतूरपर्यंतच्या सदनिकांच्या याद्या समोर येतात. त्यातली कोणती नोंद कोणी, कुठून आणि कोणत्या तारखेला उचलली, हे मात्र समजण्यास मार्ग नसतो. आयुष्याची पुंजी याच यादीच्या भरवशावर गुंतवली जाते. म्हणून ही यादी वापरण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अटींवर, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 म्हणजेच ‘रेरा’ने एक मोठे काम केले. कलम 11 नुसार विकासकाने दर तिमाहीला किती सदनिकांची नोंदणी झाली, कोणत्या परवानग्या मिळाल्या आणि बांधकाम कुठवर आले, हे नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मांडावे लागते. प्रकल्पांची, कसूरदार विकासकांची आणि दलालांची नोंदवही नागरिकांना पाहण्यासाठी ठेवणे कलम 34 नुसार प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. पण कायदा बोलतो तो ‘पाहण्या’विषयी. पाहिलेली माहिती एकत्र करता येईल का, तिचे विश्लेषण प्रसिद्ध करता येईल का, ती आपल्या यादीत लावता येईल का, याबद्दल तो मौन बाळगतो.

या मौनाची जागा इतर कायदे भरतात आणि तीही विचित्र रीतीने. स्वामित्व हक्क कायदा विदासंचाला साहित्यकृतीत गणतो. मात्र केवळ श्रम केले म्हणून हक्क मिळत नाही, निवडीत व मांडणीत किमान सर्जकता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी प्रकरणात सांगितले. म्हणजे सदनिकेचे क्षेत्रफळ, मजला, किंमत या कोरड्या तथ्यांवर कोणाची मालकी नाही. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43 संगणकावरील विदा विनापरवानगी उतरवून घेणाऱ्याला भरपाईस पात्र ठरवते. ते शब्दशः वाचले, तर शेकडो प्रकल्पांचे तिमाही अहवाल गोळा करून रखडलेल्या इमारतींचा हिशेब मांडणारी ग्राहक संघटना आणि स्पर्धकाच्या याद्या चोरून लावणारे संकेतस्थळ एकाच रांगेत उभे राहतात. हेतू अप्रामाणिक असेल तर पुढे फौजदारी कलम आहे, हे खरे. परंतु हेतू सिद्ध होईपर्यंत प्रामाणिक माणूसच घाबरून असतो. ज्याला चोरायचे आहे तो चोरतो.

उचललेली माहिती शिळी होते, हा दुसरा धोका. 23 जुलै 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आम्रपाली समूहाची ‘रेरा’ नोंदणी रद्द केली आणि नोएडा व ग्रेटर नोएडातील अपुरे प्रकल्प एनबीसीसीकडे सोपवले. 42 हजारांहून अधिक ग्राहकांचा प्रश्न होता. आदल्या दिवशी त्या नोंदीची प्रत कोणी घेतली असती, तर ती तेव्हा अचूक होती. दुसऱ्या दिवशी ती दिशाभूल करणारी ठरली असती. प्रत कधीची आहे हे सांगण्याचे बंधन नसेल, तर खऱ्या माहितीचीही फसवणूक होऊ शकते. महाराष्ट्राच्या प्राधिकरणाने 1 ऑगस्ट 2023 पासून प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, तो याच दृष्टीने शहाणपणाचा. वाचक तडक मूळ नोंदीवर पोहोचतो.

व्यक्तींच्या तपशिलाचा भाग अधिक नाजूक आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची सवलत आहे. मात्र व्यक्तीने स्वतःहून जाहीर केलेली किंवा कायद्याच्या बंधनामुळे जाहीर झालेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. भाड्याने खोली द्यायची म्हणून एखाद्या वृद्धेने संकेतस्थळावर आपला क्रमांक टाकला, तर तिने तो साऱ्या जगाला दिला असे मानायचे काय? तिने तो एका भाडेकरूसाठी दिला होता. संध्याकाळपर्यंत तिला दलालांचे फोन येऊ लागतात आणि तीच खोली निराळ्या भाड्याने तिसऱ्याच यादीत झळकते. तिच्या संमतीला प्रयोजनाची मर्यादा होती, हे नियमांत स्पष्ट व्हायला हवे.

अमेरिकेत दलालांच्या संघटना सामायिक याद्या चालवतात आणि त्या वापरण्याचे परवाने देतात. शिस्त आहे, पण किल्ली धंदेवाल्यांच्या हाती. ऑनलाइन दलालांना याद्यांपासून दूर ठेवले जाते म्हणून तेथील न्याय खात्याला 2005 मध्ये राष्ट्रीय दलाल संघटनेवर दावा लावावा लागला आणि 2008 मध्ये तडजोड झाली. आपल्याकडे मूळ नोंदवही सरकारी आहे, ही उजवी बाजू. ती खासगी कुंपणात जाऊ देण्याचे कारण नाही.

तोडगा हाताशीच आहे. केंद्राने फेब्रुवारी 2017 मध्ये शासकीय खुल्या विदेसाठी परवाना अधिसूचित केला. स्रोताचा उल्लेख करा, सरकारची मान्यता असल्याचा आव आणू नका, वैयक्तिक माहिती वगळा, अशा त्याच्या साध्या अटी आहेत. पण तो केंद्रीय खात्यांच्या विदेसाठी आहे. राज्यांची ‘रेरा’ प्राधिकरणे आपोआप त्यात येत नाहीत. त्यांनी तो स्वीकारावा, त्यात प्रत घेतल्याच्या तारखेची अट जोडावी आणि तिमाही नोंदी एकत्रित, यंत्राने वाचता येतील अशा स्वरूपात द्याव्यात. चित्ररूपी पीडीएफच्या ढिगाऱ्याला खुली माहिती म्हणणे ही थट्टा आहे. यासाठी संसदेकडे जाण्याची गरज नाही. विनियम करण्याचा अधिकार कलम 85 ने प्राधिकरणांना दिलेलाच आहे.

खासगी संकेतस्थळांचे काय, हा पेच उरतो. ‘रेरा’च्या व्याख्येत ‘कोणत्याही माध्यमातून’ ग्राहक व विक्रेत्याची गाठ घालून मोबदला घेणारा दलाल ठरतो आणि दलालावर कलम 37 नुसार आदेश बजावता येतात. याद्या दाखवून पैसे कमावणारी संकेतस्थळे स्वतःला निव्वळ फलक म्हणवतात. फलकाला ग्राहकाचा फोन विकत देण्याची सोय कशी काय असते, हे एकदा प्राधिकरणांनी त्यांना विचारावे.