कंडेन्सरची विचारपूस

ऊस कारखान्यावर पोचविला की आपले काम संपले, असा समज पुष्कळ शेतकऱ्यांत आढळतो. तो बरोबर नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. तेव्हापासून महाराष्ट्रातील ऊस-उत्पादक सभासद या नात्याने कारखान्याचा मालकही होत आला आहे. मालकाने यंत्रांची विचारपूस करणे अगत्याचे आहे. कंडेन्सर हे त्यांपैकी एक.

गुळाच्या कढईत रस उघड्यावर उकळतो. त्या तापाने काही साखर नासते व रंग गडद होतो. गुळास हे चालते, पांढऱ्या साखरेस चालत नाही. म्हणून कारखान्यात पाक बंद पॅनमधील हवा काढून सुमारे ६५ अंश सेल्सिअसलाच उकळवितात. पॅनमधील ही निर्वात स्थिती कंडेन्सर टिकवितो. पाकाच्या वाफेवर तो थंड पाण्याचा वर्षाव करतो. वाफेचे पाणी होते व तिने व्यापलेली जागा रिकामी होते. उरलेली हवा पंपाने काढतात. पाणी १० मीटरहून उंच नळातून खालच्या हौदात आपोआप उतरते.

कंडेन्सरची रचना सदोष असल्यास पाणी व वाफ यांची पुरती गाठ पडत नाही. ३० अंशांचे पाणी ४५ अंशांपर्यंत तापून बाहेर पडले, तर एक किलो वाफेस सुमारे ३८ लिटर पाणी पुरते. ते ४० अंशांवरच बाहेर पडले, तर सुमारे ५८ लिटर लागते. एवढे पाणी फिरविण्यास वीजही अधिक लागते. निर्वातता घटली की पाक अधिक तापतो, पॅन रेंगाळतात, गाळप मंदावते आणि तोडलेला ऊस गाडीतच वाळतो. पाकाचे तुषार अडविण्याची सोय नीट नसेल, तर साखर थेट कंडेन्सरच्या पाण्यात वाहून जाते.

नवी रचना खर्चाची असते, हे खरे. परंतु उसाचा भाव साखरेच्या उताऱ्याशी जोडलेला आहे. वाया गेलेली साखर अखेर शेतकऱ्याच्याच पदरची जाते.

यास्तव सभासदांनी वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारावेत : पॅनमधील निर्वातता किती राहते? कंडेन्सरचे पाणी किती अंशांवर बाहेर पडते? त्यात साखर सापडते काय? गावोगावच्या कार्यकर्त्यांनी हे प्रश्न शेतकऱ्यांना समजावून द्यावेत. शेतात पिकविलेली साखर पोत्यात पडेपर्यंत तिची राखण करणे, हाही शेतीचाच भाग होय.