पासवर्डविना ई-स्वाक्षरी : सोय झाली, पण नियंत्रण कोणाचे?

नवी दिल्ली : डीमॅट खाते उघडणे, कर्जाच्या करारावर सही करणे किंवा विम्याचा प्रस्ताव पाठविणे यांसाठी आता कागद, पेन आणि कार्यालयातील हेलपाटे लागत नाहीत. आधार क्रमांक दिला, मोबाइलवर आलेला सहा अंकी ओटीपी भरला, की कायद्याने मान्य असलेली स्वाक्षरी पूर्ण होते. त्यासाठी पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही. मात्र ज्या फोनवर ओटीपी येतो तो नेमका कोणाच्या हातात आहे, हे ही यंत्रणा पाहू शकत नाही. ई-स्वाक्षरीच्या वाढत्या वापरात हाच प्रश्न कळीचा ठरणार आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने डिजिटल स्वाक्षरीला प्रथम मान्यता दिली. त्या पद्धतीत गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि तिच्यासाठी पिन लागतो. कंपन्यांचे संचालक, सनदी लेखापाल आणि निविदा भरणारे ठेकेदार आजही ती वापरतात; सर्वसामान्यांना मात्र तिचा खर्च आणि खटाटोप परवडणारा नव्हता. 2008 च्या दुरुस्तीने कायद्यात कलम 3-अ आले आणि ‘इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी’ ही व्यापक संज्ञा रूढ झाली. त्याच आधारावर जानेवारी 2015 मध्ये आधार ई-केवायसीवर आधारित ई-स्वाक्षरीचा समावेश कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत करण्यात आला.

या पद्धतीत मूळ दस्तऐवज स्वाक्षरी सेवा पुरविणाऱ्या संस्थेकडे जात नाही. त्यापासून गणिती पद्धतीने काढलेला ‘हॅश’, म्हणजे त्या दस्तऐवजाचा एक प्रकारचा ठसा, तेवढा पाठविला जातो. ओटीपी किंवा बोटांच्या ठशाने ओळख पटली, की परवानाधारक संस्थेच्या सुरक्षित यंत्रात त्या व्यक्तीसाठी किल्ल्यांची जोडी तयार होते, तिच्या नावे 30 मिनिटांचे प्रमाणपत्र निघते, स्वाक्षरी होते आणि गुप्त किल्ली लगेच नष्ट केली जाते. नंतर मजकुरात स्वल्पविराम जरी बदलला, तरी पडताळणीत तो बदल उघड होतो. दस्तऐवजाच्या अखंडतेचा प्रश्न यातून चांगल्या रीतीने सुटला आहे.

अडचण आहे ती ओळखीच्या टप्प्यावर. स्वाक्षरी विश्वासार्ह ठरण्यासाठी ती निर्माण करणारी माहिती स्वाक्षरीच्या वेळी स्वाक्षरीकर्त्याच्या नियंत्रणात असावी, असे कलम 3-अ सांगते. टोकन जवळ बाळगणाऱ्याच्या बाबतीत या अटीचा अर्थ स्पष्ट होता. ई-स्वाक्षरीत किल्ली क्षणभरच अस्तित्वात असते आणि तीही दुसऱ्या संस्थेच्या यंत्रात. त्यामुळे व्यवहारात ‘नियंत्रण’ म्हणजे ओटीपी येणारा फोन हाती असणे, एवढाच अर्थ उरतो.

भारतीय कुटुंबांत हे गृहीतक सहज ढासळते. आईच्या आधारला मुलाचा आणि पत्नीच्या आधारला पतीचा मोबाइल क्रमांक जोडलेला असणे आपल्याकडे नवलाचे नाही. अशा घरात कर्जाच्या जामीनपत्रावर आईची सही तिच्या नकळत होऊ शकते आणि तांत्रिक नोंदीत ती संपूर्णपणे निर्दोष दिसेल. सही आपण केली नाही, हे सांगण्याची पाळी मग तिच्यावर येते. कागदावरील सहीबाबत वाद झाला तर हस्ताक्षरतज्ज्ञ वळणांची तुलना करू शकतो. ओटीपीला हस्ताक्षर नसते. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी कपटाने वापरल्यास कलम 66-सी नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तथापि घरच्याच माणसाविरुद्ध तक्रार देण्यास किती जण पुढे येतील, हे वेगळे सांगायला नको.

ओटीपीच्या मर्यादा वित्तक्षेत्राच्या नियामकानेही ओळखल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2025 मध्ये डिजिटल देयकांच्या प्रमाणीकरणाविषयी निर्देश जारी केले. 1 एप्रिल 2026 ही त्यांच्या अंमलबजावणीची तारीख असून, एसएमएसवरील ओटीपीखेरीज अन्य पर्यायांनाही त्यांत वाव देण्यात आला आहे. असा एक पर्याय म्हणजे ‘पासकी’. तिची गुप्त किल्ली ओटीपीप्रमाणे कोणाला वाचून दाखविता येत नाही आणि ती ठरावीक संकेतस्थळाशी बांधलेली असल्याने बनावट संकेतस्थळाला तिचा उपयोग होत नाही. बोटाचा ठसा केवळ फोनमधील कुलूप उघडतो. तो फोनबाहेर जात नाही.

तरीही स्वाक्षरीसाठी पासकी हे पूर्ण उत्तर नव्हे. खाते उघडणारी व्यक्ती ओळखीची आहे, एवढेच ती सिद्ध करते. समोरचा करार त्या व्यक्तीने वाचला आणि स्वीकारला, हे नव्हे. शिवाय फोनचा पिन घरातील चौघांना ठाऊक असेल, तर जुनीच अडचण नव्या रूपात उभी राहते.

सप्टेंबर 2022 मध्ये केंद्राने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बदल केला आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीचे करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात करण्यावरील निर्बंध हटविला. मृत्युपत्र आणि विश्वस्त लेख मात्र अजूनही या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. जेथे सही करणाऱ्याची इच्छा नंतर विचारता येत नाही, तेथे कायद्याने राखलेली ही सावधगिरी बोलकी आहे.

अन्य मोठ्या व्यवहारांतही त्या सावधगिरीचा काही अंश आणता येईल. जामीनपत्रासारख्या दस्तऐवजासाठी एका ओटीपीवर न थांबता चेहऱ्याची किंवा ठशाची पडताळणी घेणे, रक्कम आणि दायित्व सहीपूर्वी सहीकर्त्याच्या भाषेत एका ओळीत दाखविणे आणि सहीनंतर ठरावीक मुदतीत हरकत घेण्याची सोय देणे, हे उपाय तंत्रज्ञानाच्या आवाक्यातील आहेत. नागरिकांच्या हातीही काही साधने आहेत. आधारच्या संकेतस्थळावर प्रमाणीकरणाचा इतिहास पाहता येतो आणि बायोमेट्रिक माहितीला कुलूप लावता येते. मात्र त्याआधीची पायरी अधिक साधी आणि अधिक महत्त्वाची आहे : घरातील प्रत्येकाच्या आधारला ज्याचा त्याचाच मोबाइल क्रमांक जोडलेला असणे.