सिनेमा-गाण्यांतून विद्यापीठाच्या दारात

'अभ्यास सोडून टीव्ही काय बघत बसलीस!' हे वाक्य आपल्याकडे घराघरात ऐकू येतं. त्यामुळे सिनेमे पाहणं, गाणी ऐकणं आणि मालिकांवर चर्चा करणं हाच विद्यापीठात जाण्याआधीचा अभ्यास, असं कुणी सांगितलं तर आपल्यापैकी बहुतेकजणी हसतील. पण मैत्रिणींनो, ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांसाठी, म्हणजे ॲबोरिजिनल समाजातल्या मुलामुलींसाठी आणि संसार सांभाळून पुन्हा शिकू पाहणाऱ्या आयाबायांसाठी, विद्यापीठपूर्व तयारीत त्यांच्याच समाजाची लोकप्रिय संस्कृती हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो. हे काय प्रकरण आहे, ते नीट पाहण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ॲबोरिजिनल लोक त्या भूमीवर किमान पन्नास हजार वर्षांपासून राहतात. १७८८ मध्ये इंग्रजांनी तिथे पहिली वसाहत केली, तेव्हा या लोकांच्या अडीचशेहून जास्त भाषा होत्या. सिडनी आणि मेलबर्नची विद्यापीठं १८५० च्या सुमारास निघाली, पण त्यांच्या दारातून या समाजाचं माणूस शिकून बाहेर पडायला शंभरावर वर्षं लागली. १९५९ मध्ये मार्गारेट विल्यम्स यांनी मेलबर्न विद्यापीठाची पदविका मिळवली. विद्यापीठाचं शिक्षण पूर्ण करणारी या समाजातली ती पहिली व्यक्ती, आणि ती एक बाई होती, हे आपण लक्षात ठेवायला हवं. १९६६ मध्ये चार्ल्स पर्किन्स सिडनी विद्यापीठाचे पदवीधर झाले.

आज परिस्थिती बरीच बदलली आहे. २०२१ च्या जनगणनेवरून केलेल्या अंदाजाप्रमाणे ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरचे मूळ रहिवासी मिळून देशाच्या लोकसंख्येत ३.८ टक्के आहेत. विद्यापीठातल्या देशी विद्यार्थ्यांत मात्र त्यांचं प्रमाण सुमारे दोनच टक्के. ही दरी बुजावी म्हणून २०२४ पासून सरकारने पात्र ठरणाऱ्या प्रत्येक मूळ रहिवासी विद्यार्थ्याला, तो शहरातला असो की दूर खेड्यातला, बहुतेक पदवी अभ्यासक्रमांसाठी सरकारी अनुदानाची जागा देण्याची हमी दिली. २०२५ पासून विद्यापीठपूर्व तयारीचे ठरावीक अभ्यासक्रम सगळ्यांसाठीच निःशुल्क केले. न्यूकॅसल विद्यापीठात तर 'यापुग' नावाचा खास मूळ रहिवाशांसाठीचा तयारीचा अभ्यासक्रम आहे.

म्हणजे दार उघडलं. पण उघड्या दारातून आत पाऊल टाकायला धीर लागतो. आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसलेल्या बायकांबरोबर मी काम केलं आहे. त्यांची अडचण पुस्तकापेक्षा 'हे आपलं काम नव्हे' या भीतीची जास्त असते. ज्या समाजाला दीडशे वर्षं 'तुम्हाला काही येत नाही' हेच ऐकवलं गेलं, त्यातल्या बाईची भीती तर त्याहून कितीतरी मोठी असणार. मग तिला पहिला धडा कुठला द्यायचा? जे तिने पाहिलं आहे, ऐकलं आहे, ज्याबद्दल तिला काहीतरी म्हणायचं आहे, तिथूनच सुरुवात केलेली बरी, नाही का?

पण ही नुसती सोय नाही. मार्सिया लँग्टन या ॲबोरिजिनल विदुषीने १९९३ मध्ये सिनेमा आणि टीव्हीतल्या आपल्या समाजाच्या चित्रणावर एक निबंध लिहिला, तो आजही अभ्यासला जातो. त्यातला मुद्दा साधा आणि झोंबणारा आहे. बहुसंख्य ऑस्ट्रेलियन माणसाची ॲबोरिजिनल माणसाशी ओळखच नसते, त्याची ओळख असते ती गोऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टींशी. आता १४ ऑक्टोबर २०२३ चं सार्वमत आठवा. मूळ रहिवाशांचं म्हणणं संसदेपुढे मांडणारी एक समिती राज्यघटनेत असावी की नको, असा प्रश्न होता, आणि साधारण साठ टक्के मतदारांनी 'नको' म्हटलं. 'नको' म्हणणाऱ्यांची कारणं अनेक होती, काही ॲबोरिजिनल नेतेसुद्धा विरोधात होते. पण ज्यांच्याविषयी आपण मत देतोय ते लोक आपल्याला कुठून माहीत आहेत, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर बहुतेक वेळा पडद्यावर सापडतं.

म्हणूनच वर्गात सिनेमा लावतात तो वेळ घालवायला नव्हे. दोन उदाहरणं घेऊ.

१९५५ मध्ये 'जेडा' नावाचा सिनेमा आला. ऑस्ट्रेलियाचा हा पहिला रंगीत कथापट, आणि मुख्य भूमिकांत ॲबोरिजिनल कलाकार घेणाराही हाच पहिला. गोष्ट अशी की आई गेलेली एक ॲबोरिजिनल मुलगी गोऱ्या बाईच्या घरी वाढते. तिला तिच्या माणसांपासून, चालीरीतींपासून दूर ठेवलं जातं, पण शेवटी ती तिकडेच ओढली जाते आणि कड्यावरून पडून मरते. दिग्दर्शक गोरा, कथा गोऱ्यांची, आणि त्यातून निघणारा अर्थ काय? ही मुलगी ना इथली ना तिथली, तिला जगायला जागाच नाही! जेडाचं काम करणाऱ्या शाळकरी रोझलीचं नावसुद्धा पडद्यासाठी बदललं गेलं. खऱ्या आयुष्यात मात्र ही रोझली कुनॉथ-मंक्स कुठल्याच कड्यावरून पडली नाही. ती समाजकार्यात उतरली, आपल्या लोकांच्या जमिनीसाठी आणि भाषेसाठी लढली. डार्विनजवळच्या बॅचलर या गावी मूळ रहिवाशांच्या उच्च शिक्षणाची संस्था आहे, तिच्या मंडळाचं अध्यक्षपदही तिने सांभाळलं. २०२२ मध्ये ती गेली.

दुसरा सिनेमा २००२ चा, 'रॅबिट-प्रूफ फेन्स'. विसाव्या शतकात सत्तरच्या आसपासपर्यंत ॲबोरिजिनल मुलं, विशेषतः मिश्र रक्ताची, आईबापांपासून हिसकावून सरकारी छावण्यांत आणि मिशनऱ्यांच्या वसतिगृहांत ठेवली जात. अशाच एका छावणीतून १९३१ मध्ये तीन मुली पळाल्या. सशांना अडवायला घातलेल्या लांबच लांब कुंपणाच्या आधाराने त्यांनी घरची वाट धरली. सुमारे १६०० किलोमीटर! तिघींतली एक वाटेत पकडली गेली, दोघी घरी पोचल्या. त्यातल्या मॉलीची मुलगी डोरिस पिल्किंग्टन हिने ही कथा १९९६ मध्ये पुस्तकात लिहिली. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की डोरिस स्वतःही लहानपणी आईपासून तुटून त्याच छावणीत वाढली. पुढे तिने रुग्णालयात परिचारिकेची मदतनीस म्हणून काम केलं, लग्न झालं, मुलंबाळं झाली, आणि त्यानंतर ती विद्यापीठात जाऊन पत्रकारिता शिकली. आईची गोष्ट तिने लिहिली ती त्यानंतरच.

आता हे दोन सिनेमे शेजारी ठेवा आणि विद्यार्थिनीला विचारा: गोष्ट कोण सांगतंय? कुणाच्या नजरेतून? कुणाला बोलू दिलंय आणि कुणाला गप्प बसवलंय? तुझं म्हणणं कशावरून? पुरावा दे, आणि चार पानं लिही. बघा, विद्यापीठात पुढे तीन-चार वर्षं हेच तर करायचं असतं! इतिहास असो, कायदा असो, नर्सिंग असो, समोर आलेलं तसंच्या तसं न स्वीकारता त्याला प्रश्न विचारायचे आणि आपलं मत आधारासह मांडायचं. सिनेमा हे निमित्त आहे, शिकायची ती ही सवय.

गाण्यांचंही तसंच. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडमधल्या मंडावुय युनुपिंगू यांनी १९८८ मध्ये पदवी मिळवली, त्या भागातले ते पहिले ॲबोरिजिनल पदवीधर. यिरकला गावच्या शाळेचे ते मुख्याध्यापक झाले आणि 'योथू यिंडी' या गाजलेल्या वाद्यवृंदाचे गायकही. १९८८ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी मूळ रहिवाशांशी करार करण्याचं वचन दिलं. मुदत उलटली तरी ते पाळलं गेलं नाही, तेव्हा १९९१ मध्ये त्यांचं 'ट्रीटी' हे गाणं आलं आणि शहरांतली तरुण मंडळी त्यावर नाचू लागली. एक मोडलेलं वचन गाण्यामुळे देशभर पोचलं. याच मास्तरांच्या समाजात एक सुंदर कल्पना आहे, गन्मा. खाडीत समुद्राचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी एकमेकांत मिसळतं, पण दोन्ही प्रवाह आपापलं बळ राखून असतात. शाळेतही दोन्हीकडचं ज्ञान असंच एकत्र यावं, हा त्यांचा आग्रह होता.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला ठरलेला, 'हा हलका विषय आहे, यातून कसलं शिक्षण होणार?' त्याचं उत्तर वर आलंच. तरीही एक खरं की नुसत्या याच विषयावर भागणार नाही. गणित, शास्त्र, निबंधलेखन, ग्रंथालय कसं वापरायचं, हेही तयारीत हवंच. नाहीतर कौतुकाने आत घेतलेली मुलगी पहिल्याच सहामाहीत गळेल.

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ॲबोरिजिनल आहे म्हणून हिला सगळं येतंच, असं धरून चालता येत नाही. अडीचशे भाषांचा हा समाज, त्यात सिडनीत वाढलेल्या मुलीला अर्नहेम लँड परकंच. ज्यांच्या आजीला घरातून उचलून नेलं, त्यांच्याकडे ना भाषा आली ना गाणी. त्यांच्यासाठी हा वर्ग म्हणजे माहेरची पहिली ओळख असते आणि ती हसतखेळत होतेच असं नाही. म्हणून शिकवणाऱ्याला जपून वागावं लागतं. अनेक ॲबोरिजिनल गटांत मृत माणसाचं नाव घेत नाहीत, त्याचं चित्र दाखवत नाहीत. युनुपिंगूंनी स्वतःचं आधीचं नाव सोडलं ते त्याच नावाचा नातलग वारला म्हणूनच. त्यामुळे तिकडे टीव्हीवर कार्यक्रमाआधी तशी सूचना देतात. वर्गातही ती द्यायला हवी, आणि कुणाला बाहेर जायचं असेल तर जाऊ द्यायला हवं. 'तू सांग, तुमच्यात काय असतं' असं एकाच मुलीला सारखं विचारणं तर नकोच.

आता ही तयारी बालवाडीपर्यंत खाली आली आहे. २०१७ मध्ये 'लिटल जे अँड बिग कझ' ही ॲबोरिजिनल पात्रांची कार्टून मालिका सुरू झाली. शाळेत पाऊल टाकणाऱ्या लहानग्यांना शाळा आपली वाटावी, हा तिचा एक उद्देश. शाळा आपली वाटली तर उद्या विद्यापीठही वाटेल.

आणि हा विषय फक्त त्यांच्याच मुलांनी शिकावा असंही नाही. २०२१ च्या जनगणनेनुसार ऑस्ट्रेलियात परदेशात जन्मलेल्या लोकांत इंग्लंडनंतर भारताचा नंबर लागतो. आपल्याही भाचे-पुतण्या, लेकी-सुना तिकडे आहेत. त्या ज्या शहरात घर घेतात, तिथली मूळ माणसं कोण, हे त्यांना ठाऊक असायला हवं. पुढच्या वेळी फोन आला की घर, नोकरी, हवापाणी विचारून झाल्यावर एवढंही विचारा, 'अगं, तुमच्या गावची मूळची माणसं कोण? त्यांनी केलेला एखादा सिनेमा पाहिलास का?'