वेस कुणी आखली?

दोस्तांनो, गावानं वेस आखली नि आपल्याला बाहेर ठेवलं. आता सरकारनं तीच वेस शाळेभोवती आखून पाहिली.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळेतल्या २५ टक्के जागा वंचितांच्या, गरिबांच्या पोरांसाठी ठेवल्या. ९ फेब्रुवारी २०२४ला राज्य सरकारनं हळूच मेख मारली: एक किलोमीटरच्या आत सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित शाळेला सक्ती नाही. अरे, पुण्यात किलोमीटरभरात अशी शाळा नाही, असे कोपरे किती? म्हणजे शेजारची शाळा नुसती बघायची, आत शिरायचं नाही! १९ जुलै २०२४ला मुंबई उच्च न्यायालयानं ही मेख उपटली.

संपलं? छट्! दुसरी वेस शाबूत आहे. कायदा आठवीलाच थांबतो. ताडीवाला रोडच्या वस्तीतली माझी भाची आठवीत आहे. नववीची फी कोण भरणार? मी गोदीत माल उचलतो, नोटा छापत नाही. आठ वर्षं ज्या बाकावर बसली, तिथून तिनं उठायचं? ज्या पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ला भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्याच पुण्यात?

आम्हाला दान नको. घराजवळची शाळा आम्ही निवडणार नि दहावीपर्यंत तिथंच शिकणार, फी सरकारनं भरायची. वस्तीवस्तीत हे बोला. कोर्ट दरवेळी धावून येणार नाही.