घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? बिरबलाच्या गोष्टीतले हे प्रश्न आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे! उत्तर झकास आहे, वाद नाही. पण माथेरानला सुट्टीच्या दिवशी घोड्यांच्या फेऱ्या बघितल्या की वाटतं, इथला घोडा अडलाच तर फिरवल्यामुळे अडेल. आणि अडण्याच्या एक-दोन दिवस आधी त्याने बहुतेक वेळा सांगितलेलंही असेल. कुठे? तोबऱ्यात.

तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी, आणि त्यातला दाणा म्हणजे चंदी. भिजवलेले हरभरे, भुसा, ज्याला जे परवडेल ते. रोज चाटूनपुसून साफ होणाऱ्या तोबऱ्यात आज मूठभर हरभरे उरले, एवढीच ती बातमी असते. आमच्या धंद्यातही लोक 'सर्व्हर अचानक पडला' म्हणतात. मग लॉग उघडले की कळतं, तो दोन दिवस कण्हत होता, वाचायला कोणी नव्हतं.

घोड्याचं कण्हणं मात्र ऐकू येत नाही. घोडा हा शिकार होणारा प्राणी. कळपात जो लंगडतो त्याच्यावर वाघा-लांडग्याची नजर आधी जाते, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. अनोळखी माणूस जवळ आला की तो आणखीच नीट उभा राहतो. त्यात पोटाची रचना अशी की विचारू नका. एवढं मोठं जनावर, पण जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. मोकळा सोडला तर दिवसातले चौदा-सोळा तास थोडं थोडं चरत राहणारा हा प्राणी. त्याला उलटी होऊ शकत नाही, म्हणजे आत गेलेलं पुढेच सरकायला हवं. ते अडलं की पोटशूळ, डॉक्टरांच्या भाषेत कॉलिक. घोडे दगावण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. तिथे हातात कधीकधी फक्त काही तास असतात.

म्हणून 'खाल्लं का?' एवढाच प्रश्न पुरत नाही. काय खाल्लं, किती वेळात, आधी काय आणि मागे काय ठेवलं, हे बघावं लागतं. कडबा चघळतोय पण चंदीला तोंड लावत नाही, तर जठरात व्रण असू शकतो. अर्धवट चावलेले वैरणीचे बोळे खाली पडतायत, लिदीत अख्खे हरभरे दिसतायत, तर दात बघायला हवेत. पाणी कमी पितोय आणि लीद कोरडी, बारीक गोळ्यांची येतेय, तर आतडं तुंबायच्या बेतात असेल. पहिल्या पावसानंतर एकदम भरपूर कोवळा चारा मिळाला, तर पोट आणि खूर दोन्ही धोक्यात.

अंगातल्या जोमाचंही तसंच. बादलीचा आवाज आला की रोज खिंकाळणारा घोडा आज नुसता कान हलवतो. चढावर नेहमी पुढे असणारा आज मागे रेंगाळतो. थांबल्यावर श्वास खाली बसायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. उभं राहण्यातही फरक असतो. मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर तो विसावा घेतोय. पुढचा पाय पुढे काढून उभा असेल तर बहुधा तो पाय दुखतोय.

यावर शास्त्रीय कामही झालंय. २०१४ साली घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक मोजपट्टी प्रसिद्ध झाली. मागे वळलेले ताठ कान, आकसलेला डोळा, ताणलेल्या नाकपुड्या, आवळलेलं तोंड अशी सहा लक्षणं, प्रत्येकाला गुण. नाडीचेही आकडे ठरलेले आहेत. विसाव्यात असलेल्या मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६. शांत उभा असूनही ठोके साठच्या वर राहिले तर थांबू नका, डॉक्टर बोलवा.

हे सगळं मी एका मित्राला सांगितलं, तर तो लगेच म्हणाला, "अरे मग ॲप काढू या की! पट्टा बांधायचा, अलर्ट येईल." आपली जमात अशीच आहे, काय करणार! पट्टे वाईट नाहीत. नाडी आणि हालचाल मोजणारी उपकरणं मिळतातही. पण अलर्ट कशावर लावणार? एक घोडा जन्माचा हावरट, दहा मिनिटांत तोबरा रिकामा करणारा. दुसरा जन्माचा चोखंदळ, तासभर निवडत बसणारा. पहिल्याला तास लागला तर ती धोक्याची घंटा, दुसऱ्याला लागला तर रोजचंच. म्हणजे आधी 'रोजचं' माहीत हवं, आणि ते रोज त्याच हातांनी चंदी घालणाऱ्याला माहीत असतं. घोडेवाल्याशी पाच मिनिटं बोलून बघा. त्याच्याकडे हा डेटा वर्षानुवर्षांचा असतो, फक्त तो कुठे लिहिलेला नसतो.

आता खरा मुद्दा. मला नाही वाटत की घोडेवाल्यांना हे बदल दिसत नाहीत. दिसतात. परवडत नाहीत.

हिशेब साधा आहे. घोडा उभा राहिला की त्या दिवसाची कमाई शून्य, चंदीचा खर्च मात्र चालूच. त्यात पावसाळ्यात धंदा मंद, म्हणजे हंगामाच्या शनिवार-रविवारी जे मिळेल त्यावर पुढचे महिने काढायचे. २०२२ च्या डिसेंबरात माथेरानला प्रायोगिक ई-रिक्षा आल्या, ती धास्ती वेगळीच. अशा शनिवारी सकाळी तोबऱ्यात मूठभर हरभरे दिसले तर माणूस काय म्हणेल? 'नसेल भूक, संध्याकाळी बघू.' त्याच्या जागी आपण असतो तर वेगळं म्हणालो असतो का? ताप असूनही रिलीजच्या दिवशी क्रोसिन घेऊन बसणारे आपण!

कायदा नाही असं नाही. आजारी जनावराला कामाला जुंपणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांत ओझ्याच्या जनावरांसाठी दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम बंद, असं सगळं लिहिलेलं आहे. चांगलंच आहे. पण नियम तास मोजतो, अंश मोजतो. उरलेले हरभरे कोणता इन्स्पेक्टर मोजणार? ते मोजणारा एकच माणूस, आणि त्यालाच गप्प बसण्यात फायदा. ही व्यवस्थाच चुकीची आहे असं माझं मत आहे.

मग करायचं काय? मला दोन गोष्टी सुचतात. एक, आजारी घोड्याचा खाडा भरून निघायला हवा. प्रत्येक फेरीमागे थोडी रक्कम बाजूला काढून घोडेवाल्यांनीच एक सामाईक निधी करावा, आणि डॉक्टरने 'आज विश्रांती' लिहून दिलं की त्या दिवसाचे काही पैसे त्यातून मिळावेत. पर्यटकाला त्यासाठी चार पैसे जास्त द्यावे लागले तर द्यावेत. पिझ्झ्यावर जास्तीच्या चीझचे देतो तसेच. दुसरी, प्रत्येक घोड्यामागे एक वही. चंदी, पाणी, लीद, चाल, रोज चार शब्द. मालक गावाला गेला आणि पुतण्याने घोडा हाकला तरी त्याला 'रोजचं' काय ते कळेल. ॲप हवंच असेल तर मग त्या वहीचं काढा.

आणि आपण? पुढच्या वेळी माथेरानला गेलात तर दर ठरवायच्या आधी विचारा, "दादा, सकाळी चंदी संपवली का यानं?" तो "आज हा नको, दुसरा देतो" म्हणाला तर घासाघीस करू नका, तुम्हाला आवडलेला पांढराच हवा म्हणून हटून बसू नका. दुसरा नसेल तर चालत जा. तीन किलोमीटर तांबड्या मातीतून, झाडांच्या सावलीत चालायचं आहे. तेवढं चालल्याने आपलं काही बिघडत नाही.